डेस्मंड अंकलचे शंभर पाहुणे

पैज लागली ती खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी, म्हणजे तिथली कॉफी, पिता पिता, आणि लावली अर्थातच रविंद्र सावेने. तीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून, चीफ इंजिनिअर होऊन, आता बंदरावर बसून जहाजांची देखभाल बघणारा हा बावन्न वर्षांचा बाप्या शेजाऱ्यांच्या दारातल्या चपला अदलाबदल करण्यात अजून धन्यता मानायचा. क्वीन्सटाउनच्या त्या जुन्या बहुमजली ब्लॉकमध्ये लिफ्ट बंद पडली तरी लोक आधी रविंद्रच्या दाराकडे बघायचे.

"शंभर," तो म्हणाला. "सहा रविवारात बाहेरची शंभर माणसं आणून दाखवतो."

"ब्लूज ऐकायला? आपल्या ब्लॉकखाली?" खालच्या मजल्यावरचा विश्वास हसला. विश्वास पुण्याचा, आयटीतला मॅनेजर. "रव्या, इथे माणूस येतो तो मॉल बघायला. दहा आली तरी पेढे वाटेन."

"पेढे नको. हरेल त्याने ह्या स्टुलावर उभं राहायचं, नाव-हुद्दा सांगायचा आणि चारचौघांत तीन वेळा म्हणायचं, मी गाढव आहे. मराठीत आणि इंग्लिशमध्ये. आंटी स्यूला कळलं पाहिजे."

"व्हॉट आंटी स्यू?" आपलं नाव ऐकून कोपीवाली म्हातारी वळली.

"नथिंग, आंटी. ही गोइंग टु बी डाँकी."

ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं तो डेस्मंड अंकल पलीकडच्या टेबलावर टोस्ट कॉफीत बुडवून खात होता. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा युरेशियन म्हातारा, रविंद्रच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये एकटा. तरुणपणी ह्याच वसाहतीतल्या चार पोरांनी बँड काढला होता. ब्रिटिश सोल्जरांच्या रेकॉर्डी ऐकून ब्लूज शिकले, आणि मग सोल्जरांची दुःखं सोडून आपलीच गायला लागले. एक गाणं होतं, लिफ्ट चौथ्यावर थांबत नाही आणि तू चौथ्यावर राहतेस. दुसरं, आईने घर बदललं आणि समुद्राचा वास मागेच राहिला. चारातले तिघे गेले. उरला तो डेस्मंड, त्याची गिटार आणि बुटांच्या खोक्यातले बारा फोटो.

ते फोटो बघून रविंद्रची बायको गिरिजाच म्हणाली होती, "अहो, हे लोकांना दाखवायला हवं. हा म्हातारा गेला की संपलं सगळं." मग ब्लॉक कामाला लागला. विश्वासने टिंगल करत करत का होईना, वेबसाइट बनवली. चौथ्या मजल्यावरच्या मलाय बाईंनी लग्नातला स्पीकर दिला. आंटी स्यू म्हणाली, येणाऱ्या प्रत्येकाला माझ्याकडून कोपी. एमआरटीच्या मेट्रो स्टेशनपासून चालत निघायचं, बँड जिथे जिथे वाजवायचा त्या जागा बघायच्या, आणि शेवटी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत बसून डेस्मंड अंकलला ऐकायचं. नाव ठेवलं ब्लूज वॉक.

पहिल्या रविवारी तीन माणसं आली. त्यातली दोन एमआरटीचा रस्ता विचारत होती. दुसऱ्या रविवारी चार. डेस्मंडने इस्त्रीचा शर्ट घातला होता. चार माणसांपुढे दोन गाणी म्हणून त्याने गिटार पेटीत ठेवली.

"इट्स ओके, रवी. जुना माल आहे. कोण घेणार?"

त्याचं ते शहाणं हसू रविंद्रला सहन झालं नाही. शिवाय समोर विश्वास बोटांनी गाढवाचे कान करून दाखवत होता. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यातली कोणती जास्त टोचली, हे रविंद्रने तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

सोमवारी बंदरावर त्याला उपाय दिसला. रोज जहाजं येतात. प्रत्येक जहाजावर वीस-बावीस माणसं, आणि त्यातल्या निम्म्यांना दुपारचे चार तास किनाऱ्यावर सुट्टी. जायचं कुठे, हा त्यांचा कायमचा प्रश्न. रविंद्रने कॅप्टन लोकांना फोन फिरवले. व्हॅनची सोय माझी, कोपी फुकट. एकच अट. कोणी विचारलं तर टूरिस्ट म्हणायचं.

तिसऱ्या रविवारी अठराजण उतरले. नव्या टोप्या, गॉगल, खांद्याला बॅगा. डेस्मंड बघतच राहिला.

"व्हेअर आर यू फ्रॉम?" त्याने पुढच्याला विचारलं.

"गुहागर," तो म्हणाला.

"इज इट फार?"

"लय लांब, अंकल."

त्या दिवशी डेस्मंडने नऊ गाणी म्हटली. आवाज फाटला तरी थांबला नाही. समुद्राच्या वासाचं गाणं चालू असताना तो गुहागरवाला, इंजिनरूममधला पन्नाशीचा ऑइलर, टोपी तोंडावर धरून रडायला लागला. रविंद्रला वाटलं, नाटक जरा जास्तच होतंय. व्हॅनमध्ये कळलं, गेल्या महिन्यात त्याची आई गेली होती आणि तेव्हा जहाज भर समुद्रात होतं. शब्द त्याला काही कळले नव्हते.

डेस्मंडने मात्र त्या रात्री पर्थला मुलीला फोन लावला. भिंतीपलीकडून रविंद्र-गिरिजाला ऐकू आलं. "शेरिल, अ मॅन केम फ्रॉम गुहागर. ही क्राइड. फॉर माय साँग, गर्ल."

गिरिजा म्हणाली, "आता सांगू नका हं त्यांना. आणि बास करा हे."

"तीनच रविवार अजून," रविंद्र म्हणाला.

चौथा रविवार, पाचवा रविवार. नवी जहाजं, नव्या टोप्या. आकडा बहात्तरवर गेला. विश्वासचा चेहरा पडत चालला, तो वेबसाइटवरचे आकडे पुन्हा पुन्हा तपासायचा आणि डोकं खाजवायचा. ब्लॉकमध्ये मात्र रंगत आली होती. बाया केक करून आणायच्या, डेस्मंड सकाळी रियाज करायचा, आणि कधी नव्हे ते लोक लिफ्टमध्ये एकमेकांशी बोलायला लागले होते.

पाचव्या रविवारनंतर डेस्मंडने रविंद्रला चहाला बोलावलं. टेबलावर नोव्हेनाच्या हॉस्पिटलचं पत्र पडलं होतं. हृदयाच्या व्हॉल्वचं ऑपरेशन.

"कधी आहे?" रविंद्रने विचारलं.

"शुक्रवारी होतं. पुढे ढकललं. दुसऱ्यांदा." म्हातारा खुशीत होता. "त्यांना म्हटलं, रविवारी माझी माणसं येतात लांबून. व्हॉल्व पळून नाही जात, लाह. तू तर इंजिनिअर आहेस."

रविंद्रने आयुष्यभर व्हॉल्व बदलले होते. कुरकुरणारा व्हॉल्व पुढच्या बंदरावर ढकलला तर काय होतं, हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? तोंड उघडून एवढंच सांगायचं होतं, अंकल, ती माणसं तुमची नाहीत, मी आणलेली आहेत, तुम्ही आधी हॉस्पिटलात जा. त्याने तोंड उघडलं. समोर म्हातारा नव्या तारा लावत होता, जिभेचं टोक दातांत धरून, लहान मुलासारखा.

"ह्या रविवारी मोठा ग्रुप आहे, अंकल," रविंद्र म्हणाला. "अठ्ठावीस."

सहाव्या रविवारी बरोबर शंभर झाले. विश्वासने हात जोडले. "मानलं बाबा. येत्या रविवारी स्टुलावर चढतो. ब्लेझर घालून चढू का?"

बुधवारी सकाळी आंटी स्यूने रविंद्रचं दार वाजवलं. डेस्मंड टोस्ट खायला आला नव्हता.

शवपेटी ब्लॉकखाली त्याच मोकळ्या जागेत ठेवली. त्याच खुर्च्या, तोच स्पीकर. शेरिल पर्थहून आली. बापासारखंच रुंद कपाळ. शुक्रवारी संध्याकाळी सगळा ब्लॉक जमला असताना ती रविंद्रपाशी येऊन उभी राहिली.

"तुम्हीच ना रवी? डॅड दर आठवड्याला सांगायचे. मी भांडले त्यांच्याशी ऑपरेशनवरून. मग वाटलं, इतकी वर्षं त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आता लोक येतायत, तर असू दे." तिने डोळे पुसले. "मला त्या लोकांना पत्र लिहायचंय. सगळ्यांना. पत्ते आहेत तुमच्याकडे?"

गिरिजाने रविंद्रकडे बघितलं आणि मान खाली घातली.

"पत्ते नाहीत," रविंद्र म्हणाला. मग त्याला वाटलं, हिला एकटीला कोपऱ्यात सांगणं म्हणजे पुन्हा चोरीच. त्याने माईक घेतला. "मला सगळ्यांना काहीतरी सांगायचंय."

लोकांना वाटलं, आठवणी सांगणार. त्याने जहाजं सांगितली, व्हॅन सांगितली, टोप्या सांगितल्या. ते हॉस्पिटलचं पत्र आपण वाचलं होतं, तेही सांगितलं. मलाय बाईंनी डोक्यावरच्या स्कार्फचं टोक तोंडावर धरलं. विश्वास उभा होता तो खाली बसला.

"खरे किती आले?" शेरिलने विचारलं.

"सात. त्यातले दोन रस्ता चुकलेले."

तिने शवपेटीकडे बघितलं. "आणि तो गुहागरवाला? तो रडला ते?"

"ते मी सांगितलेलं नव्हतं. त्याची आई गेली होती. तो खरंच रडला."

शेरिलने मान हलवली. माफ केलं असं नाही, ऐकलं एवढंच. विश्वास पुढे आला, रविंद्रच्या दंडाला धरून हळू म्हणाला, "रव्या, बास. घरी चल."

"शंभर आणले नाहीत मी, विश्वास. पैज हरलो."

"अरे, आत्ता काय ते घेऊन बसलास. इथे?"

"इथेच. चारचौघांत ठरलं होतं."

रविंद्रने प्लास्टिकचं स्टूल ओढलं. पाय डुगडुगत होता, आंटी स्यूने काही न विचारता दोन्ही हातांनी ते धरलं. तो चढला. पेटीकडे तोंड करून उभा राहिला.

"मी, रविंद्र सावे, चीफ इंजिनिअर. मी गाढव आहे. आय ॲम अ डाँकी."

ज्या माणसाच्या नुसत्या खोकण्यावर हा ब्लॉक हसायचा, त्याच्याकडे आज कोणी हसून बघितलं नाही.

"मी गाढव आहे. आय ॲम अ डाँकी."

तिसऱ्या वेळी इंग्लिश त्याला सापडेना. तो तसाच स्टुलावर उभा राहिला, आणि खालून विश्वासने त्याच्यासाठी ते हळू आवाजात पुरं केलं.