दारालगतचे पोपडे

पोशीरच्या पदूला घराच्या रंगरंगोटीची भारी हौस, असं अख्खं गाव मानत असे. पाऊस ओसरला, की भातकापणीच्या आधी एक सकाळ काढून पदू चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन दारात हजर. मागच्या भिंती शेवाळानं हिरव्याकाळ्या झाल्या तरी त्याला सुखदुःख नसे. त्याचा कुंचा फिरे तो फक्त दाराच्या उजव्या अंगाला, खाटेएवढ्या तुकड्यावर, कारण पोपडे नेमके तिथंच सुटत. येणारेजाणारे म्हणत, माणूस हौशी आहे. हौस कसली डोंबलाची, माणूस घाबरट होता. त्या चुन्याखाली हर्षलाचं नाव होतं.

लग्नघराच्या भिंतीवर नवरानवरीची नावं लिहायची आपल्याकडे रीत आहे. वर गणपती, खाली 'शुभविवाह', मग नावं आणि तारीख. शहाणी माणसं हे काम मांडवाच्या दिवशी उरकतात. पदूला तेवढा दम कुठला? भिसेगावची हर्षला ठरली मात्र, हा दुसऱ्याच दिवशी कर्जतहून पेंटर घेऊन आला आणि चांगल्या लालभडक ऑइल पेंटनं नावं काढून मोकळा झाला. लग्नाला अजून महिना होता. तो महिना संपायच्या आत भिसेगावहून निरोप आला, की मुलीला शेतीवाला नको, नोकरीवाला हवा. पदूच्या बापानं त्याच संध्याकाळी भिंतीला चुना फासला आणि घरात तो विषय कायमचा बंद केला.

पण ऑइल पेंटवर चुना धरत नाही. आमच्याकडच्या पावसात तर एक चातुर्मास निघत नाही. पुढच्या वर्षी दहिवलीची सुनिता या घरात सून म्हणून आली, आणि तेव्हापासून आजतागायत, वीस-बावीस वर्षं, पोपड्यातून एखादी लाल वेलांटी डोकावली की पदू चुन्याची बादली शोधू लागे. बायकोला कळलं तर आपली काय किंमत राहील, एवढी एकच धास्ती त्या बिचाऱ्यानं उभा संसारभर जपली.

आणि यंदा सुनितानं डोक्यात घेतलं, की घराला रंग द्यायचा तो असा, की पुढची दहा वर्षं बघायला नको. मुलगी ऋतिका कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, आज ना उद्या पाहुणे यायला लागतील. मोबाइलवर बघून बघून सुनिता या विषयात इतकी तयार झाली होती, की जेवतानासुद्धा तेच. रंग कोणता हे महत्त्वाचं नाही म्हणे, भिंत कशी तयार करता हे महत्त्वाचं. जुना थर प्लास्टरपर्यंत खरवडायचा, शेवाळ घासून धुवायचं, भेगा भरायच्या, भिंत खडखडीत वाळू द्यायची, मग प्रायमर, आणि मग कुठं रंग. 'खरवडायचा' हा शब्द ऐकूनच पदू ताटावरून उठला.

त्यानं हातपाय मारायचे तेवढे मारून बघितले. पुढची भिंत ठणठणीत आहे, मागच्या तीनच खरवडू, म्हणाला. सुनितानं तिथल्या तिथं नखानं एक पोपडा काढून त्याच्या हातावर ठेवला. मग त्यानं त्या तुकड्यासमोर सरपण रचलं. ते तिनं दुपारच्या आत गोठ्यामागं हलवलं. मग गांधीलमाश्यांचं पोळं निघालं, जे पदूखेरीज कोणालाच दिसत नव्हतं. शेवटी त्यानं रंगाऱ्याला, रूपेशला, बाजूला घेऊन चहा पाजला आणि हळूच विचारलं, की दाराजवळचा तुकडा तसाच ठेवून वरून रंग मारला तर कोणाला कळणार आहे? रूपेश दहिवलीचा, सुनिताच्या चुलत बहिणीचा मुलगा. संध्याकाळपर्यंत मावशीला सगळं कळलं होतं.

"तुमाला त्या तुकड्याचा एवढा पुळका का वो?" तिनं विचारलं. पदू म्हणाला, पुळका नाही, जुनी आठवण आहे, बाबांच्या हातचा चुना. हे बोलताना त्याला स्वतःचीच लाज वाटली.

रूपेश सोमवारी खरवडायला येणार होता. रविवारी दुपारी सुनिता बचत गटाच्या मीटिंगला गेली, तशी पदूनं खरवडायचा पत्रा आणि तारेचा ब्रश उचलला. हर्षलाचं नाव तेवढं घासून टाकायचं, बाकी काय दिसेल ते दिसो. चुना तर नुसता हात लावायचा अवकाश, थरच्या थर खाली आला. पण खालचा ऑइल पेंट हलेना. कर्जतच्या त्या पेंटरनं इमानानं काम केलं होतं. पदू पाणी मारून जोर लावू लागला, तशी वर्षानुवर्षांची धूळ निघून अक्षरं उलट लखलखायला लागली. त्यातून वर गणपती उघडा पडला, नेमका याच्याकडे बघणारा. त्याच्या नजरेसमोर एका बाईचं नाव खरवडायचं म्हणजे पदूला अवघड होऊन बसलं. त्यानं आधी हात जोडले, मग पुन्हा ब्रश धरला.

"मीटिंग नाय झाली," मागून सुनिताचा आवाज आला.

पदू भिंतीला पाठ लावून हात पसरून उभा राहिला. पण तो पडला किडकिडीत. एका बाजूला 'चि. पदू' आणि दुसऱ्या बाजूला 'हर्षला' आरामात दिसत होतं. आता सगळं सांगावंच लागणार म्हणून त्यानं तोंड उघडलं, तर सुनितानं हातानंच त्याला थांबवलं. भिसेगावचं मोडलेलं तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. दहिवली आणि भिसेगाव काय सातासमुद्रापार आहे? तिच्या आईनं विचारपूस केल्याशिवाय मुलगी दिली होती थोडीच.

पदूला इतकं हलकं वाटलं, की तो हसलाच. हसायला नको होतं. सुनिता पुढं आली आणि तिनं हर्षलाच्या नावावरून बोट फिरवलं.

"ह्यो ऑइल पेंट हाय ना?"

पदूनं मान हलवली.

"माजं नाव दाराच्या त्या अंगाला व्हतं. गेरूनं लिवलेलं. मिरगाच्या पयल्या पावसात धुऊन गेलं. मी ओट्यावर उभी व्हते, लाल पानी पायरीवरनं जाताना बघितलं. मला वाटलं, ह्या घराची रीतच आसंल गेरूची."

पहिल्यांदा तोंड पोळलं म्हणून बापानं दुसऱ्या वेळी हात आखडता घेतला, एवढंच खरं कारण; पण ते सांगायच्या लायकीचं नाही, हे त्यालाही कळत होतं. इतकी वर्षं तो भलत्याच गोष्टीला घाबरत आला होता. जिची भीती बाळगायला हवी होती, ती गोष्ट पहिल्याच पावसात वाहून गेली होती आणि त्यानं साधी मान वळवून पाहिलीही नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

सोमवारी रूपेशनं मशीन लावून अक्षरं काढली. गणपती मात्र सुनितानं ठेवायला लावला, त्याचा यात काही दोष नव्हता. भिंती धुतल्या, भेगा भरल्या, चांगल्या वाळू दिल्या. प्रायमर झाला, फिकट पिवळ्या रंगाचे दोन हात झाले, आणि भिंत अशी गुळगुळीत निघाली की माशी बसली तरी घसरावी. सगळं सामान आवरून झाल्यावर सुनितानं एक छोटा डबा आणि बारीक ब्रश आणून ठेवला. लाल ऑइल पेंट. रूपेश हात पुढं करायला लागला, तर म्हणाली, "तू नको. त्येच लिवतील."

भर रस्त्यावर, लोक थांबून बघत असताना, पदू स्टुलावर चढला. आपल्या टकलावरून हात फिरवत त्यानं 'चि.' लिहायचं का म्हणून विचारलं. रीतीप्रमाणं लिहायचं, असं उत्तर मिळालं. 'चि. पदू' जरा तिरकं गेलं, 'चि. सौ. कां. सुनिता' मात्र त्यानं जीभ दातात धरून सरळ काढलं. खाली लग्नाची तारीख त्यानं कोणाला न विचारता लिहिली, वारासकट. ती बरोबर होती. सुनिता पदर तोंडाला लावून दुसरीकडे बघू लागली.

समोरची धोंडूबाई काठी टेकत आली आणि डोळे बारीक करून भिंतीकडे पाहू लागली. लाल अक्षरं तिला दिसली, वाचता येईनात.

"ऋतिकाचं जमलं काय गं? कुनाचं लगीन हाय?"

"माजं," सुनिता म्हणाली.