मला एवढ्यात विसळू नका

मी वाइनची बाटली बोलतेय. लाल वाइनची, तीही डोंगरातल्या. नाक मुरडू नका, आधी ऐकून घ्या.

माझ्यातली द्राक्षं उभ्या चढावर, दगडी बांधांमध्ये पिकली. दिवसा रणरणतं ऊन, रात्री दातखीळ बसवणारी थंडी. त्यामुळे साल जाड झाली आणि वाइनचा स्वभाव तापट. पहिल्याच घोटाला जीभ कोरडी पडायची. म्हणून आमचे मालक प्रत्येकाला बजावायचे, "ही नुसती प्यायची नाही. हिच्याबरोबर चरबीचं मटण घ्या, मुरलेलं चीज घ्या, भाजलेली अळंबी घ्या. मासळी मात्र नको, खिळा चघळल्यासारखं होईल."

मालकांचा सगळा जीव तळघरात. पिंपाला नाक लावून सांगायचे, हे अजून झोपलंय, हे जागं झालं. लांबलांबचे हॉटेलवाले त्यांच्या नाकाच्या भरवशावर माल न्यायचे. स्वभावानंही नाकावर माशी बसू न देणारे.

मग त्यांना ताप आला. ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते उंदरामुळे. माझ्याच फळीखाली एक मरून पडला होता. कामगार रुमाल लावून पळाले, मालकांच्या लेकीला तर मळमळलं, आणि मालक तिथेच बसून शीळ घालत लेबलं चिकटवत होते! मला त्यांची फार दया आली.

दया येऊन करते काय? माझंही पोट बिघडत चाललं होतं. माझ्या बुचात खोट होती. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास हळूहळू वाइनमध्ये उतरत होता. वरून मी ठणठणीत, आतून वाया गेलेली. हे फक्त नाकाला कळतं, आणि नेमकं तेच मालकांकडे नव्हतं.

एक दिवस एक बडे हॉटेलवाले जेवायला आले. वर्षाची वाइन ते इथूनच घेणार की नाही, हे त्या जेवणावर ठरणार होतं. लेकीनं सकाळपासून मंद आचेवर मटण ठेवलं होतं. मालक तळघरात आले, त्यांचा हात फळीवरून सरकत माझ्यावर थांबला. शेजारच्या दहा जणी चांगल्या होत्या हो!

टेबलावर बूच निघालं. यजमानानं पहिला घोट घ्यायचा, अशी त्या घराची रीत. मालकांनी पेला फिरवला, हुंगला, घोट घेतला आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! काय जमून आलीय!"

पाहुणे खूश झाले. "तुमचं नाक म्हणजे आमची खात्री, काका. ओता."

मालकांनी त्यांचा पेला भरला. मी जीव मुठीत धरून होते. पाहुण्यांनी पेला उचलला, की इतक्या वर्षांची अब्रू एका श्वासात जाणार होती. तेवढ्यात लेक मटणाचं भांडं घेऊन आली. वाकली, आणि तिथेच थबकली. तिला वास आला होता. तिनं एकदा बापाकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

दुसऱ्याच क्षणी तिचं कोपर लागलं. पेला आडवा, मी आडवी, टेबलक्लॉथ लालभडक.

"डोळे फुटले का गं तुझे?" मालक गरजले. "एवढी चांगली बाटली!"

"चुकलं बाबा," ती म्हणाली. "थांबा, मी दुसरी आणते."

दुसरी तिनंच उघडली. ओतता ओतता हुंगली, मगच बापापुढे पेला ठेवला. पाहुण्यांनी मटणाचा घास घेतला, वर घोट घेतला. "दांडगी आहे," ते म्हणाले, "पण मटणाबरोबर अगदी शहाण्यासारखी वागते." मग त्यांनी स्वतःहून पेला पुढे केला, आणि निघताना वर्षाचा शब्द देऊन गेले.

ते गेल्यावर मालक स्वयंपाकघरात आले. मी ओट्यावर होते, तळाशी घोटभर वाइन उरलेली. लेक भांडी घासत होती.

"मुद्दाम पाडलीस ना?"

"हो."

"कसला वास होता?"

"ओल्या पुठ्ठ्याचा, बाबा."

मालक स्टुलावर बसले. त्यांनी विचारलं, "तुला कधीपासून माहीत आहे?"

"तो उंदीर मेला तेव्हापासून."

ते हसायला गेले आणि रडले. लेकीनं ओले हात तसेच त्यांच्या खांद्यावर ठेवले. आता तळघरात दोघं जातात. ती हुंगून सांगते, मालक चव घेऊन ठरवतात.

मी स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, तेच खोट असलेलं बूच घट्ट लावून. मालकांनीच ठेवलंय. रोज सकाळी ते बूच काढतात, मला नाकाशी धरतात, थांबतात, मान हलवतात आणि पुन्हा बूच लावतात. लेक पाठमोरी उभी राहून चहा गाळते, पण तिचं सगळं लक्ष इकडेच असतं.

म्हणून हात जोडून सांगते, मला एवढ्यात विसळू नका. हा घाणेरडा वास मी जपून ठेवलाय. चांगली वाइन म्हणून मिरवायचं माझ्या नशिबी नव्हतं, त्याचं आता काही वाटत नाही. फक्त एका सकाळी मालकांनी मला नाकाशी धरावं, तोंड वाकडं करावं आणि ओरडावं, "शी! काय घाण आहे ही!"

मग खुशाल फेकून द्या.