गोळ्यांचं बोलायचं राहिलं

सदाशिव पेठेत सुनीती परांजपे अठरा वर्षं चिनी पद्धतीनं सुया टोचून उपचार करत होत्या. मार्चमध्ये त्यांच्याकडे नम्रता आली. मूळची अमरावतीची, स्पर्धा परीक्षेसाठी पेठेतल्या एका खोलीत भाड्यानं कॉट घेऊन राहणारी. मोठ्या आतड्याला सूज, शौचातून रक्त. दोन वर्षं पोटाच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या.

सुनीतीताईंनी तिची जीभ पाहिली; मागे पिवळा, चिकट थर होता. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली.

"चिनी वैद्यकात याला आतड्यातली दमट उष्णता म्हणतात. बंद खोलीत ओले कपडे वाळत घातले की कोंदट ऊब साचते ना, तसं. काळजीनं पचन दुबळं होतं, मग ती ओल हटतच नाही."

नम्रताचे डोळे भरून आले. "इतकं समजावून मला कुणी सांगितलंच नव्हतं, मॅडम."

महिन्याभरात रक्त थांबलं. गुडघ्याखाली सुया टोचून घेताना ती सहज म्हणाली, "गोळ्या बंद केल्या मी. आता तुमच्यावरच भरवसा."

'असं करू नकोस' हे शब्द ताईंच्या ओठांवर आले होते. पण डॉक्टर असलेले त्यांचे दीर गोपाळकृष्ण दर दिवाळीला 'काय, टाचण्या कशा चालल्यात?' म्हणून हसायचे, ते आठवलं. डॉक्टरांच्या गोळ्या सोडून ही आपल्यावर भरवसा ठेवतेय, म्हणून मनातून त्या सुखावल्या.

"बघू या," एवढंच त्या म्हणाल्या.

जूनमध्ये नम्रता हॉस्पिटलमध्ये असल्याचं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. रक्ताच्या तीन बाटल्या चढल्या होत्या. ताई धावत गेल्या. नम्रताच्या वडिलांनी, रंगनाथरावांनी, उठून त्यांना खुर्ची दिली.

"बसा, मॅडम. तुमचा काय दोष? पोरीनं आपल्याच मनानं गोळ्या सोडल्या. कुणाला सांगितलंसुद्धा नाही म्हणते."

म्हणजे पोरीनं ताईंना पाठीशी घातलं होतं. गप्प बसलं असतं तर तिथंच मिटलं असतं.

"मला सांगितलं होतं तिनं," ताई म्हणाल्या. "मी थांबवलं नाही."

"का?"

"तिचा एवढा विश्वास बघून मला बरं वाटलं म्हणून."

रंगनाथराव मुलीच्या खाटेकडे गेले आणि पाठ करून बसले. गोळ्या कधी बंद झाल्या ते ताईंनी वॉर्डातल्या डॉक्टरांना सांगितलं आणि त्या घरी आल्या.

आतडं वाचलं. बारा दिवसांनी नम्रताला सोडलं. पुढच्या महिन्यात ती दवाखान्यात आली; चेहरा पार उतरलेला, पण गोळ्या नियमित चालू होत्या.

"बाबांनी इथं यायचं नाही म्हटलंय. तेच सांगायला आले."

"बरोबर आहे त्यांचं."

"पण मी तुमचं नाव घेतलं नव्हतं, मॅडम. त्या दिवशी तुम्ही नुसतं 'नको' म्हणाला असतात ना, तर मी ऐकलं असतं."

"माहीत आहे गं," ताई म्हणाल्या. "म्हणून तर झोप लागत नाही."

नम्रता जिना उतरू लागली. मध्येच कठड्याला धरून दम खायला थांबली. खाली जाऊन हात द्यावा असं ताईंना फार वाटलं, पण त्या दारातच उभ्या राहिल्या.