खिडकीतला जबडा

सोनूबाईने सुकटीतली एक वाळकी कोळंबी डाव्या हाताच्या चिमटीत धरली, न्हाणीचा कानोसा घेतला आणि खिडकीतल्या झाडाच्या एका उघड्या तोंडात टाकली. टाकताना बोट आतल्या लालसर भागाला घासलं, तसं झाडाने फटकन तोंड मिटलं.

"अगो बय!" सोनूबाई मागे सरली ती थेट कॉटवर बसली.

न्हाणीत पाण्याचा आवाज थांबला.

"आई, काय झालं?" सुनेने आतूनच विचारलं.

"काय नाय गो. तू आंघोळ कर."

ती पुन्हा उठून खिडकीशी गेली. पानाचे दोन भाग हात जोडल्यासारखे मिटले होते आणि कडेच्या काट्यांतून कोळंबीची मिशी तेवढी बाहेर दिसत होती. झाड केवढं, तर चहाच्या कपात मावेल एवढं. आणि ते चक्क जेवत होतं! सोनूबाईला हसूही आलं आणि भीतीही वाटली.

सुनेला, चैत्रालीला, हे झाडांचं वेड माहेरून आलेलं. शीवच्या एका दातांच्या दवाखान्यात ती काउंटरवर बसे आणि उरलेला जीव खिडकीतल्या कुंड्यांत. पाऊस जवळ आला की तिची नवी नवी पार्सलं सुरू व्हायची. एकदा विटेएवढा कोकोपीटचा ठोकळा आला, पाण्यात टाकल्यावर फुगून बादलीभर झाला. तेव्हाही सोनूबाई तोंडाला पदर लावून बघतच राहिली होती. पण समुद्री शेवाळाचं खत म्हणून बाटली आली, तेव्हा तिने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सुनावलं होतं, "कोलीवाड्यात ऱ्हाऊन शेवाल इकत घेतलंस? उद्या मीठ पन पार्सलनी मागव!" चैत्राली हसली होती आणि बाटली तिने बिनदिक्कत वापरली होती. यंदा हे माशी खाणारं झाड आलं. त्याला नळाचं पाणी चालत नाही म्हणून पागोळीखाली पातेलं लावलं गेलं, आणि त्या पातेल्याला हात लावायची घरात कुणाचीही टाप नव्हती.

यंदा सोनूबाई मात्र बोलली नाही. शिमग्याच्या सुमाराला मासळी बाजारात आपल्या ओट्यावर बसल्याबसल्या तिला अर्धांगाचा झटका आला होता. पापलेट हातात होतं, ते कधी सुटलं ते तिला कळलंच नाही. पाय सावरला, जीभ सावरली, उजवा हातही हलू लागला. पण त्या हाताची बोटं परकी झाली. बोंबील धरलाय की फडकं, बघितल्याशिवाय समजेना. आणि सोनूबाईची सगळी विद्या त्या बोटांत होती. मासळीचं पोट दाबून ती सांगायची, आजची की कालची, बर्फातली की होडीवरची. गिऱ्हाईक तिच्या बोटांवर विश्वास टाकून यायचं.

हॉस्पिटलात व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की हात रोज चोळा, वाळू, कापूस, कंगवा असं काहीबाही बोटांना लावत राहा, कदाचित स्पर्श परत येईल. चैत्राली तेलाची वाटी घेऊन बसायची. थोडे दिवस सोनूबाईने सोसलं. मग एकदा हात ओढून घेतला.

"सोड. मेल्या हाताला काय चोळतंस? मढ्याला उटनं लावल्यावानी."

त्यानंतर वाटी फळीवर गेली ती गेलीच. मुलगा निमेश एकदा घसा साफ करत म्हणाला, "आये, नारळी पुनवेला होड्या जातील. ओटा रिकामा कसा ठेवायचा? दर्शनाला कायमचा देऊन टाकू." दर्शना म्हणजे सोनूबाईच्या बहिणीची मुलगी. सोनूबाई म्हणाली, "दे." त्या दिवशी ती जेवली नाही. निमेशला वाटलं, पित्त झालं असेल.

कोळंबी घातल्याच्या दुसऱ्या दिवशी झाडाने तोंड उघडलं. कोळंबी होती तशीच आत पडलेली.

"आई, हे तुम्ही घातलंत?" चैत्रालीने चिमट्याने ती बाहेर काढली. "खारट आहे हे. मरेल ना ते!"

"खायला घातलं. भुकेलं असंल म्हटलं."

चैत्राली रागावणार होती, पण सासूचं तोंड बघून तिला हसूच फुटलं. पातेल्यातलं पाणी थेंबाथेंबाने सोडून तिने पान धुतलं.

"आणि ते मेलेलं खात नाही. आत काही वळवळलं तरच पुढे खातं. नाहीतर कचरा आहे म्हणून सोडून देतं."

"त्याला कसं कलतं? डोलं नाय, नाक नाय."

"आत केस आहेत बघा, बारीक. एकदा काही शिवलं तर ते गप्प बसतं, पावसाचा थेंबही असू शकतो ना. लगेच पुन्हा शिवलं की मिटतं. मिटल्यावरसुद्धा आत हालचाल होतेय का, ते बघत राहतं."

सोनूबाई झाडाकडे बघत राहिली. शिवून ओळखतं! ती दिवसभर खिडकीशी होती. एक मुंगी आली, कडेने फिरून गेली. वाऱ्याने थेंब आत उडाला, झाड ढिम्म. "लबाड हाय गो," ती आपल्याशीच म्हणाली, आणि हे तिने कौतुकाने म्हटलं.

रविवारी चैत्रालीने तिला गंमत दाखवली. खिडकीच्या चौकटीत मरून पडलेली माशी तिने चिमट्याने आत ठेवली, काडीने आतले केस हलवले. तोंड मिटलं.

"आता हे उद्या उघडणार, हो ना? माशी मेलेली आहे."

"मग?"

"मग हे असं." चैत्रालीने मिटलेलं पान दोन बोटांत धरलं आणि बाहेरून हलके हलके चोळू लागली. लहान बाळाच्या कानाची पाळी चोळावी तसं. "आता त्याला वाटतंय, आत जिवंत आहे."

ती चोळत राहिली. सोनूबाई वाकून बघत होती. आधी काहीच होईना. बराच वेळ गेला. मग कडेचे काटे हळूच एकमेकांकडे सरकले, फट बारीक झाली, आणखी बारीक झाली, आणि कड कडेला घट्ट लागली. आता कोण उघडेल ते तोंड!

ताजी मासळी, शिळी मासळी सोनूबाईने जन्मभर हाताळली. पण मेलेल्याला कुणी चोळत बसावं आणि कुणाला तरी ते जिवंत लागावं, हे तिने कधी पाहिलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि कशाने आले ते तिला सांगता येईना.

"तुजा आंगठा दुखला असंल," ती म्हणाली.

"नाही हो."

चैत्राली कामावर गेली की सोनूबाई त्याच झाडाच्या दुसऱ्या तोंडाशी बसायची. कोळीवाड्यात माश्यांना काय तोटा! एक मारून तिने डाव्या हाताने आत घातली. तोंड मिटल्यावर उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी पानाला लावली. लागलीत की नाही ते कळेना, म्हणून डोळे तिथेच रोवून ठेवले. जोर जास्त होत होता की कमी, तेही पानाच्या वाकण्यावरून ओळखायचं. हात थरथरला की ती थांबायची, पुन्हा लावायची. कड मिटली तेव्हा तिने गल्लीतल्या शांताला हाक मारून बोलावलं.

"बग. ह्यो जबडा मी मिटवला."

"देवा!" शांता म्हणाली. "उघड ना, बगू."

"हात लावशील तर बग!"

त्या तोंडाकडे तिने आठवडाभर कुणाला फिरकू दिलं नाही. ते आपणहून उघडलं, तेव्हा आत माशीचे पंख आणि पोकळ टरफल तेवढं होतं. सगळा रस झाडाने घेतला होता. खालून एक नवं, तांदळाएवढं तोंड फुटलं होतं. सोनूबाईने ते टरफल तळहातावर घेतलं आणि येईल त्याला दाखवत सुटली.

नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी दर्शना आली. नारळ घेऊन आली, सोनूबाईच्या पाया पडली आणि जरा अवघडूनच बसली. निमेशने कपाटावरून सोनूबाईचा मासळी कापायचा कोयता उतरवला. फडक्यात गुंडाळलेला होता. तो दर्शनापुढे ठेवून तो म्हणाला, "मावशीचाच घे. धार बघ काय आहे."

दर्शनाने फडकं सोडायला हात घातला.

"ऱ्हाऊ दे," सोनूबाई म्हणाली.

"काय झालं, आये?"

"दर्शने, उद्यापासून तू बस ओट्यावर. माजी सगली गिऱ्हाइकं तुजी. पन कोयता तुजा आन."

"मावशी, पण निमेशदादा कायमचा म्हणाला होता."

"त्यो म्हनाला. मी आता सांगतंय. मी येईपर्यंत बस."

निमेश काही बोलणार होता, पण चैत्रालीने त्याच्याकडे असं बघितलं की तो चहा बघतो म्हणून उठला. दर्शना गालात हसली. रागावली नाही, उलट सुटल्यासारखी वाटली. मावशीच्या जागेवर कायमचं बसायची तिला धास्तीच होती.

ती गेल्यावर सोनूबाईने कोयता स्वतः उचलून कपाटावर ठेवला. मग फळीवरची वाटी काढली, तिच्यातलं किटलेलं तेल टाकून दिलं, नवं ओतलं आणि सुनेसमोर बसून उजवा हात तिच्या मांडीवर ठेवला.

चैत्रालीने एकेक बोट घेतलं. मुळापासून टोकापर्यंत, मग परत. खाली गल्लीत उद्याची तयारी चालली होती, कुणीतरी बाजा वाजवून बघत होतं. अंधारून आलं तरी दोघींपैकी कुणी दिवा लावायला उठलं नाही.

"आई, काही कळतंय का?"

सोनूबाईने डोळे मिटून बराच वेळ अंदाज घेतला.

"नाय," ती म्हणाली. "तू थांबू नको."