शिल्पा मॅडमचे मागचे ब्रेक

लातुरात बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिल्पा मॅडमनी स्वतःच्या कमाईतून लाल रंगाची एक जोरकस गाडी घेतली. तिचं इंजिन नुसतं सुरू केलं तरी शेजारची कुत्री उठून बसायची. मॅडमचे यजमान शिवलिंगराव त्या गाडीत एकदाच बसले, आणि उतरताना म्हणाले, "यापुढं मी एसटीनंच."

बोलल्याप्रमाणे ते वागलेही. नांदेडला पाहुण्यांकडं बारसं होतं, तर मॅडम आणि सासूबाई गाडीतून गेल्या आणि शिवलिंगराव एसटीनं. सासूबाईंचं नाव सरजाबाई. त्यांना गाडी फार आवडायची. मागच्या सीटवर त्या मांडी घालून बसत.

जाताना मागच्या चाकांतून दळण दळल्यासारखा आवाज येऊ लागला. बारसं उरकल्याबरोबर मॅडमनी गाडी थेट नांदेडातल्याच सरदारभाईंच्या गॅरेजात नेली. त्यांनी चाक काढून दाखवलं. ब्रेकचे पॅड झिजून संपले होते आणि ते जिला घासतात त्या डिस्कला नखानं जाणवतील असे चरे पडले होते.

"दोन्ही बदला मॅडम. जुन्या डिस्कवर नवे पॅड टाकले तर तेबी वाया जातील," सरदारभाई म्हणाले आणि त्यांनी तीन प्रकारच्या डिस्क बाकड्यावर मांडल्या. एक साधी, एक खाचांची, एक भोकांची.

मॅडमचा हात सरळ भोकांच्या डिस्ककडं गेला.

"हे काय, झारा हाय का?" सरजाबाई म्हणाल्या. "बुंदी पाडायची हाय का चाकातून? ही साधी घे. तव्यावानी हाय, भाकरीबी होईल."

"आत्या, भाकरी नाही करायची."

"करायची न्हाई, पण झाली तर?"

मॅडम सरदारभाईंकडं वळल्या. त्यांनी विचारलं, "भोकांची घेतली तर?"

"घ्या की. दिसायला लई झकास. पण मागच्या चाकाला तेवढं काम नसतंय, ब्रेक मारला की सगळा भार पुढं जातो. अन् लई तापली तर भोकापासून तडकती. खाचेची घ्या, धूळ-पाणी निघून जातंय."

मग पॅडची पाळी आली. शर्यतीचे कडक पॅड मॅडमनी हातात घेऊन पाहिले, मोह झाला, पण ते तापल्याशिवाय पकडत नाहीत म्हटल्यावर परत ठेवले. क्लासच्या गल्लीत सायकलवरची पोरं आडवी येतात. तिथं ब्रेक तापायची वाट कोण बघणार? त्यांनी मधल्या जातीचे पॅड आणि खाचांच्या डिस्क निवडल्या. सरजाबाईंनी तव्यावरून शेवटचा हात फिरवला.

गाडी तयार झाल्यावर सरदारभाईंनी बजावलं, "नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. मोकळा रस्ता बघून ऐंशीवर जा, ब्रेक मारून तीसवर या, पण पुरतं थांबू नका. परत ऐंशी. असं आठ-दहा बार करा. अन् गरम असताना हँडब्रेक बिल्कुल वढू नका."

लोहा मागं पडल्यावर रस्ता मोकळा मिळाला. मॅडमनी आरशात पाहिलं, गाडी पिटाळली आणि ब्रेक मारला. सरजाबाई पुढच्या सीटवर आदळल्या आणि खूश होऊन म्हणाल्या, "आणिक एकदा!"

मागून लातूरची एसटी येत होती. लाल गाडी मंदावली की एसटी तिला मागं टाकायची, आणि लगेच लाल गाडी फर्रकन पुढं जाऊन पुन्हा मंदावायची. चौथ्या खेपेला सगळी बस खिडक्यांशी गोळा झाली.

"बाई गाडी शिकून राहिली," दगडोबा नावाचे एक पागोटेवाले शेतकरी म्हणाले. "पाय लई जड हाय तिचा. वळखीची हाय का हो तुमच्या?"

हे त्यांनी शेजारच्या माणसाला विचारलं, आणि शेजारी होते शिवलिंगराव.

"छे!" शिवलिंगराव म्हणाले आणि त्यांनी तोंडावर रुमाल घेतला.

अहमदपूरच्या स्टँडजवळ मॅडमनी चहासाठी गाडी उभी केली. हँडब्रेक ओढायचा नव्हता, म्हणून गाडी गिअरमध्ये ठेवली आणि शिवाय चाकाला एक दगड लावला. तेवढ्यात एसटी आली. दगडोबांनी दगड पाहिला आणि त्यांचा जीव कळवळला.

"ताई, गाडीला हँडब्रेक असतोय. सीटच्या बाजूला, दांडक्यावानी. वर वढायचा."

"हो का, काका?" मॅडम म्हणाल्या.

"अन् ब्रेक असा," त्यांनी चप्पल काढून पाय हवेत हळूच दाबून दाखवला. "गाडी आदळून घरी नेली तर नवरा घरात घ्यायचा न्हाई."

"नवरा?" सरजाबाईंनी मान वळवली. चहाच्या टपरीमागं त्यांना ओळखीचा रुमाल दिसला. "ह्यो काय हिचा नवरा! आरं शिवलिंग, तिथं कशाला दडून बसलास?"

दगडोबा कधी शिवलिंगरावांकडं, कधी मॅडमकडं बघत राहिले. "अन् बसमधी तर छे म्हणलात!"

शिवलिंगरावांचे कान गाडीइतके लाल झाले. मॅडमनी चाकाचा दगड बाजूला केला आणि पुढचं दार उघडून धरलं. सगळ्या बसच्या देखत शिवलिंगराव मुकाट्यानं गाडीत बसले.

चाकूरपर्यंत त्यांनी डोळे मिटूनच ठेवले होते; मागून सरजाबाई नव्या डिस्कची आणि तव्याची कहाणी सांगत होत्या. पुढं एका शेतातून उसाचा ट्रॅक्टर अचानक रस्त्यावर आला. मॅडमनी ब्रेक दाबला. गाडी न हेलकावता, न किंचाळता सरळ रेषेत थांबली. ट्रॅक्टर डुलत निघून गेला.

शिवलिंगरावांनी एक डोळा उघडला. "थांबली?"

"थांबली."

त्यांनी दुसराही उघडला. मग विचारलं, "डिस्क कंची घेतली म्हणे?"

गाडी घेतल्यापासून पहिल्यांदाच ते तिच्याबद्दल काही विचारत होते. मॅडमनी खाचांपासून सुरुवात केली, मग भोकं, मग पॅड. मागं सरजाबाई आता घोरत होत्या. लातूर जवळ आलं तरी शिवलिंगराव ऐकतच होते, आणि मध्येच म्हणाले, "पण तव्यासारखी घेतली असती तर?"

मॅडमनी उत्तर म्हणून गाडी पुन्हा ऐंशीवर नेली.