कैतानच्या नावाचं पान

मला चिकट म्हणायचं तर खुशाल म्हणा. गावात तोंडावर म्हणणारे आहेत, पाठीमागून म्हणणारे त्याहून जास्त. नवरा गेला तेव्हा लोकांचे काजू फोडून मी एकटीनं लेक वाढवली. त्या वेळी एकानंही विचारलं नाही, की रेमेतीन, आज चूल पेटली काय गो? म्हणून घरातलं काही फुकट गेलेलं मला बघवत नाही. पण सत्तावन्न सालच्या जानेवारीत जे झालं, ते अजून माझी पाठ सोडत नाही.

माझ्या कार्मेलिनचं लग्न उद्यावर आलं होतं. आम्हा किरिस्तांवांत लग्नाच्या आदल्या दिवशी भिकाऱ्यांचं जेवण घालतात. घरातली जितकी माणसं देवाघरी गेली तितकी पानं मांडायची, आणि प्रत्येक पानावर एकेक गरीब बसवायचा. तो जेवला म्हणजे आपलं गेलेलं माणूस जेवलं. आमची सात पानं. सातवं कैतानचं, माझ्या नवऱ्याचं.

सोमवारी किनाऱ्यावर रापणीच्या जाळ्यात बांगडा मातीमोल मिळाला, तेव्हा मी टोपलीभर घेऊन ठेवला होता. गुरुवारी, जेवणाच्या दिवशी, त्यातला अर्धा उरला होता. डोळे आत गेलेले, कल्ले काळे पडलेले. असला बांगडा मांजरालाही घालू नये, हे मला कोणी शिकवायला नको. पण टाकायला जीव होईना. आणि व्याह्यांसाठी आणलेली ताजी सुरमई भिकाऱ्यांना वाढू? एवढी काही माझी मती फिरली नव्हती. बांगड्याचं तिखलं केलं, मूठभर तिरफळं टाकली, सोलं टाकली, वास दबला. गरिबाच्या पोटात दगडसुद्धा विरघळतो, असं मनाला सांगितलं. सायबिणीच्या, मरियामातेच्या, तसबिरीकडे मात्र मी सकाळपासून बघितलं नव्हतं.

दुपारी मांडवात सहाजण आले. पहिल्या पानावर आनंदीबाई, खाडीत तिसऱ्या-शिंपल्या वेचून पोट भरणारी खारव्यांची म्हातारी. बाकीचेही असेच, हातावर पोट असलेले. कैतानच्या पानावर बसायचा तो सातवा, दाजी भिकारी, काही आला नाही. कार्मेलिननं सगळ्यांना वाढलं, 'आमच्या बापा' ही प्रार्थना म्हटली, आणि माणसं जेवायला लागली. आनंदीबाई तर बोटं चाटून खात होती, हात चांगला आहे म्हणून माझं कौतुक करत होती.

तेवढ्यात कार्मेलिनला ते रिकामं पान दिसलं.

"बापायचा पान रिकामा कसा ठेवतलंस? त्येच्यार मी बसतंय," ती म्हणाली आणि मांडी घालून बसली.

माझी पाचावर धारण बसली. तिनं भातात तिखलं कालवलं. ओरडावं तर चारचौघांत माझी शोभा, उद्या व्याह्यांच्या कानावर जाणार. न ओरडावं तर... बांगडा बाधून आमच्या वाड्यातलं एक माणूस गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. घास तिच्या ओठांशी गेला.

"खाव नको!" मी किंचाळले.

सगळे हात पानांवर थांबले. आनंदीबाईनं आपल्या पानाकडे बघितलं. त्यावर काटेच उरले होते.

"आणि आमी खाल्लंव ता?" तिनं हळूच विचारलं.

कार्मेलिन माझ्याकडे बघत होती. माझं पोर ते, माझा चेहरा तिला वाचता येत नाही असं थोडंच आहे. "तुका म्हायत होता," एवढंच ती म्हणाली. तिचा हात धरायला मी धावले, तोवर तिनं घास तोंडात घातला. मग दुसरा. बापाच्या नावाचं पान तिनं निपटून खाल्लं, आणि मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून रडत होते.

तासाभरात आनंदीबाईचं तोंड लालबुंद झालं. मग एकेकाला ओकाऱ्या सुरू झाल्या. कार्मेलिनलाही. शेजारची सुशीला कंपाउंडरला घेऊन आली. मांडवातल्या चटयांवर सातजण आडवे पडले होते आणि मी घमेली उचलत, कपाळं पुसत फिरत होते. देवा, माझी पोर घेऊ नको, असं म्हणत होते. मग लाज वाटे आणि उरलेल्या सहांची नावं घेई. आनंदीबाईची नाडी लागेना तेव्हा कंपाउंडरनं तिचं एक मनगट खाली ठेवून दुसरं धरलं. कैतान कुठून तरी हे बघतोय, आपल्या पानावर मी काय वाढलं ते त्याला कळलंय, असं मनात येऊन मी मांडवाच्या दाराकडे पाठ करायलाही भीत होते.

सांज होता होता ओकाऱ्या थांबल्या. कंपाउंडर म्हणाला, वाचली सगळी. आनंदीबाईला तहान लागली होती. मी स्वतः विहिरीचं पाणी काढलं, तांब्या घासून भरला आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं.

तिनं ओठ मिटून घेतले.

"आदी तू पी," ती म्हणाली.

मी तांब्या तोंडाला लावला. शेजारच्या चटईवरून कार्मेलिन, माझी पोर, मी घोट गिळेपर्यंत माझ्या गळ्याकडे बघत राहिली.