मिठाला वास नसतो

दचकू नका. पोळपाटाच्या वर, खिळ्याला जो काळा लोखंडी जीव लटकलाय ना, तोच बोलतोय. मी कलछा. तुमच्या घरात पळी असते, डाव असतो. मी त्यांचा हॉटेलातला दांडगा भाऊ. हातभर लांब दांडा, पुढे उथळ वाटी आणि भट्टीच्या जाळानं काळी पडलेली पाठ. देवासच्या या नीटनेटक्या स्वयंपाकघरात मी शोभत नाही, हे मला कळतं. तरी या घरच्या माईंनी मला अडगळीत टाकलेलं नाही. का नाही टाकलं, तेच सांगायचंय.

माझा जन्म राजगढच्या बाजारातला, एका लोहाराच्या भट्टीतला. पहिला घण बसला तेव्हा मी असा दचकलो, की अजून कुणी भांडं आपटलं तरी माझा दांडा थरथरतो. दुकानाबाहेर आम्ही बरेच जण टांगलेले होतो. कुक्षीहून आलेला एक तरुण एकेकाला बोटावर तोलून बघत होता. मला तोललं आणि म्हणाला, "ये हाथ में बोलता है, भिया. ये दे दो."

तो वीरेंद्र. पुढे देवासच्या बायपासवर हंबीररावांच्या हॉटेलात तो वीरेंद्र उस्ताद झाला, आणि मी त्याचा उजवा हात.

हॉटेलात चमचे कुणी मोजत नाही. तेल माझ्या वाटीनं, ग्रेव्ही माझ्या वाटीनं, मीठ माझ्या टोकानं. लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही सकाळीच शिजवून ठेवलेल्या असायच्या. ऑर्डर आली की कढई जाळावर, जिरं, आलं-लसूण, मग ग्रेव्ही. ती तेल सोडेपर्यंत परतायची. शेवटी कसूरी मेथी तळहातावर चोळून वरून. आणि सगळ्यात शेवटी चाखायचं. उस्ताद माझ्या टोकावरून एक थेंब डाव्या तळहातावर सोडायचा, चाटायचा, डोळे मिटायचा. "हं," म्हणाला की कढई खाली उतरायची. तो "हं" ऐकायला मी रोज आसुसलेला असायचो.

मग ते तापाचं साल आलं. हॉटेल बंद, रस्ता बंद. उस्तादलाही ताप आला आणि गेला. हॉटेल उघडलं त्या दिवशी त्यानं पहिली कढई चढवली, थेंब तळहातावर घेतला, चाटला, डोळे मिटले... आणि मिटलेलेच राहिले. दुसरा थेंब. तिसरा. मग त्यानं कांदा फोडून नाकाशी धरला. लसूण चुरडून धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते कांद्याचं नव्हतं. त्याची चव गेली होती. वासही गेला होता.

हे फक्त मला ठाऊक होतं. आणि मला तोंड नाही.

तो हाताच्या आठवणीवर चालवू लागला. तेलाचा आवाज ऐकून, तर्रीचा रंग बघून. पण रोजचा टोमॅटो सारखा आंबट नसतो, रोजची मिरची सारखी तिखट नसते. गिऱ्हाइकांकडून परत येणारी ताटं वाढू लागली. शेजारी तंदूर सांभाळणाऱ्या अंशुलला चव विचारली असती, तर संध्याकाळपर्यंत सगळ्या बायपासला कळलं असतं. हंबीरराव एकदा दारात उभे राहून म्हणाले, "उस्ताद, लोग बोल रहे हैं, हाथ गया तुम्हारा." उस्ताद हसला. त्याची मूठ माझ्या दांड्यावर आवळली, ती मला लागली.

ज्यानं आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं, त्या माणसानं त्याच आठवड्यात सांगितलं, "सेठ, कोई सीखने वाला हो तो भेजो."

अशी मधुवंती आली. बी.कॉम. झालेली, सडपातळ, सतत ओढणीचं टोक पिळणारी. नोकरीच्या मुलाखतीत तिचा आवाज फुटत नसे. तिचे बापू हंबीररावांच्या ओळखीचे, म्हणून ही सोय. पहिल्या दिवशी कढईत जाळ उसळला आणि ती थेट पिठाच्या पिंपामागे.

"दीदी, आग आपको नहीं, कढई को लगी है," अंशुल म्हणाला.

"तू रोटी देख अपनी," उस्ताद त्याच्यावर खेकसला. मग तिच्याकडे वळून, "डर अच्छा है बेटा. जिसको डर नहीं, वो मसाला जलाता है."

मला ती लगेच आवडली. माझ्यासारखं दचकणारं कुणीतरी भेटलं होतं.

तिची अडचण निराळीच होती. ती चाखायचीच नाही. घरचं वळण तसं होतं. नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थ जिभेला लावायचा नाही. मीठ अंदाजानं, बाकी नाकानं. तिचं नाक मात्र असं तयार होतं, की कच्चा मसाला, लागलेला लसूण, आंबू लागलेलं दही, सगळं ती दुरून ओळखायची.

"नाक से कितना सूंघेगी? मुंह में डाल!"

"उस्ताद, घर में... देव को दिखाए बिना..."

"यहां का देव गल्ले पे बैठा है. डाल!"

तळहातावरचा तो पहिला थेंब चाटताना तिनं आजूबाजूला असं पाहिलं, जणू चोरी करतेय. मग डोळे मोठे झाले. "कुछ कम है. गोड. मीठा."

उस्तादनं पांढऱ्या ग्रेव्हीचा अर्धा कलछा ओतला. "अब?"

"अब बरोबर."

तेव्हापासून तेच. प्रत्येक कढईला तो विचारायचा, "तू बता, क्या कम है?" तिला वाटायचं, उस्ताद परीक्षा घेतोय. ती दर वेळी घाबरायची, जीव एकवटून चाखायची आणि खरं सांगायची. तो तिची जीभ उसनी घेत होता, हे तिला कधी कळलं नाही. पण शिकवलं त्यानं सगळं. मसाला कधी हसतो, कधी रुसतो, तेल कुठल्या क्षणी कडेला येतं, आच कधी कमी करायची. गरजेपोटी शिकवलेलं इतकं मनापासून असू शकतं, हे मी पाहिलं. ताटं परतायची थांबली. हंबीरराव पुन्हा मिशीत हसू लागले. आणि मधुवंती एकदा अंशुलवर चक्क ओरडली, "दादा, मेरी कढई के सामने से हटो!" सगळं किचन थांबून हसलं. तीही हसली. तो दिवस मी घासूनपुसून जपून ठेवलाय.

फक्त एक गोष्ट ती लपवायची. तिची संकष्टी. आल्या आल्या उस्ताद म्हणाला होता, "उपवास है तो घर बैठो, भट्टी उपवास नहीं रखती." ती इतकी घाबरली, की चतुर्थी आली की डोकं दुखतंय म्हणून निरोप पाठवायची. एक शब्द बोलली असती, तर तो रागावलाही नसता कदाचित. पण तिला कोण सांगणार? मला तोंड नाही, म्हटलं ना.

आणि मग ती संध्याकाळ. एका कारखान्याच्या साहेबलोकांची मेजवानी होती. हंबीररावांनी सकाळीच बजावलं होतं, "उस्ताद, आज नाक कटी तो फिर मेरे हाथ में कुछ नहीं." नेमकी चतुर्थी. आज रजा कशी मागणार? मधुवंती आली. पोटात सकाळची साबुदाण्याची खिचडी आणि चंद्रोदयाला अजून अवकाश.

मोठी कढई चढली. काजू करी. उस्तादनं माझ्या टोकानं मीठ घातलं. तेवढ्यात बाहेरून हाक आली. पाहुण्यांना उस्तादला भेटायचं होतं. तो हात पुसत गेला, नमस्कार करून परत आला, आणि भट्टीसमोर क्षणभर थबकला. मीठ घातलं का? त्यानं कढईत पाहिलं. कढई सांगत नव्हती. मी ओरडत होतो, घातलंय, घातलंय! त्यानं मला मिठाच्या डब्यात बुडवलं.

मग मला मधुवंतीच्या हातात दिलं. "देख बेटा. नमक खास देख."

तिनं थेंब तळहातावर घेतला. तोंडाजवळ नेला. मला तिची नाडी दांड्यात लागत होती. ओठ मिटलेलेच राहिले. तिनं खोल श्वास घेतला. काजू गोडसर, मेथी नेमकी, वेलची मागून हळूच. सगळं जागच्या जागी. तिला वाटलं, उस्तादनं घातलंय म्हणजे बरोबरच असणार.

"बरोबर है, उस्ताद."

मिठाला वास नसतो.

बाहेर कुणी आरडाओरडा केला नाही. आधी दही मागितलं गेलं. मग आणखी दही. मग पाणी. मग हंबीरराव स्वतः हातात वाटी घेऊन आत आले. सगळ्यांसमोर ती उस्तादपुढे धरली. "चखो."

उस्तादनं चमचा भरून तोंडात घातला. चावला. गिळला. कपाळावर आठी नाही, ओठांवर काही नाही. अंशुलनं नुसतं बोट लावून चाटलं होतं, तर तो थू थू करत नळाकडे पळाला होता. आणि उस्ताद शांतपणे म्हणाला, "बराबर है, सेठ."

हंबीररावांनी वाटी खाली ठेवली.

त्यांचा राग चेहऱ्यावरून उतरताना मी पाहिला. त्या जागी जे आलं, ते रागापेक्षा वाईट होतं. "कब से, वीरेंद्र?"

"बुखार वाले साल से."

मधुवंतीला तेव्हा कळलं. सगळे "क्या कम है", सगळे "तू बता", एकदम. ती हंबीररावांपुढे आली. तो मुलाखतीत न फुटणारा आवाज फुटला. "काका, चूक माझी आहे! मी चाखलंच नाही. आज संकष्टी... मी नुसता वास घेतला. त्यांना काही बोलू नका!"

उस्तादनं तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता हा गरजणार. पण तो अगदी हळू बोलला. "तो आज दोनों का उपवास था." मग तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "रो मत. तेरा तो चांद देख के छूट जाएगा, बेटा."

त्या रात्री घरी तिच्या आईनं, म्हणजे माईंनी, मोदकाचं ताट पुढे केलं, तेव्हा मधुवंतीनं ते हातानं मागे सारलं.

हंबीररावांनी उस्तादला हाकललं नाही. गल्ल्यावर बस, म्हणाले. तो बसला नाही. जाताना त्यानं मला पुसलं, बोटावर एकदा तोललं, आणि मधुवंतीच्या हातात दिलं. "मेरे पास गूंगा हो गया ये. तू बुलवा इससे."

तिनं मला घरी आणलं, या खिळ्याला टांगलं आणि स्वयंपाकघरात येणंच सोडलं. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. कामावर ये म्हणून हंबीररावांचा निरोप आला, तिनं नाही म्हटलं. माईंनी काही विचारलं नाही, की समजूत घातली नाही. एका सकाळी त्यांनी देवापुढे दूध-साखरेची वाटी ठेवली, हात जोडले, आणि आत हाक मारली, "मधू, देवाचं झालंय हो. आता तू खुशाल चाख, कितीदा हवं तितकं." तेव्हापासून या घरात नैवेद्य दूध-साखरेचाच.

त्या दिवशी मी पहिल्यांदा खिळ्यावरून खाली उतरलो. तिनं काजू करी केली. प्रत्येक टप्प्यावर चाखली, मीठ मात्र हात आखडूनच घातलं. मग डबा भरला, मला कापडात गुंडाळलं, आणि आम्ही बसनं धारवरून उस्तादच्या गावी, कुक्षीला गेलो.

उस्ताद भावाच्या घरी ओसरीवर लसूण सोलत बसला होता. वाळला होता. मला पाहिलं आणि जुन्या सवयीनं माझी वाटी नाकाशी नेली. मग स्वतःशीच हसून खाली ठेवली.

मधुवंतीनं वाटीत करी वाढली. त्यानं रंग पाहिला, वाटी तिरकी करून तर्री पाहिली. "तू बता," म्हणाला, "क्या कम है?"

तिनं थेंब तळहातावर घेतला. चाटला. डोळे मिटले. तिच्या गालावरून पाणी ओघळून ओठापर्यंत आलं. "नमक," ती म्हणाली. "नमक थोडा कम है, उस्ताद."

त्यानं आतून मीठ मागवलं, माझ्या टोकावर किंचित घेतलं आणि वाटीत सोडलं. मग सगळी वाटी पोळीनं पुसून खाल्ली. त्याला काहीच कळत नव्हतं, तरी शेवटचा घास गिळून तो म्हणाला, "हं."

किती दिवसांनी ऐकला मी तो!

आम्ही त्याला पुन्हा भेटू शकलो नाही. दिवाळीनंतर त्याच्या भावाचा फोन आला. फोन ठेवल्यावर मधुवंतीनं मला खिळ्यावरून काढलं आणि मांडीवर घेऊन नुसती बसून राहिली. अजूनही कधीकधी बसते.

माझं मागणं मोठं नाही. तुमच्या घरात कुणी गरम घास पुढे करून विचारलं, "कसं झालंय?" तर घाबरून, घाईनं, मन राखायला "छान" म्हणू नका. जिभेवर ठेवा आणि खरं सांगा. विचारणाऱ्याजवळ कदाचित तुमच्याशिवाय दुसरी जीभ नसेल.